मशीन समाधानकारक चालू आहे

गेल्या नोव्हेंबरात सेलूहून फोन आला. ज्या शाखेत मी उमेदीची बारा वर्षं घालवली, तिथल्या नव्या मॅनेजर बाई बोलत होत्या. पाटण्याकडच्या आहेत, वय तिशीच्या आत, मराठी नेटानं बोलतात. म्हणाल्या, "सर, स्ट्राँगरूम साफ करताना एक लिफाफा मिळाला. लाखेचं सील आहे. वर तुमची सही आहे, तारीख 31 मार्च 2001. आणि लिहिलंय, मशीनचा पासवर्ड. कोणतं मशीन, सर? इथे तर काहीच नाही."

नसणारच. मशीन आधल्याच आठवड्यात भंगारात गेलं होतं. ही बातमी मला मामांकडून आधीच लागली होती. मामा म्हणजे आमचे दफ्तरी. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी चहाच्या वेळेला शाखेत हजर असतात, आणि त्यांना हटकायची हिंमत अजून कुठल्या मॅनेजरला झालेली नाही. त्यांचा फोन असा होता: "साहेब, तुमची पेटी गेली बगा. काट्यावर टाकली त्या भंगारवाल्यानं. अठरा किलो भरली. म्हनलं, तुमाला सांगावं."

मला वाईट वाटलं असतं, पण त्या आठवड्यात मी रागात होतो. हयातीचा दाखला द्यायला परभणीत बँकेत तीन खेपा झाल्या होत्या. पहिल्या दिवशी लिंक नव्हती. दुसऱ्या दिवशी लिंक होती, पण सर्व्हर झोपला होता. तिसऱ्या दिवशी दोन्ही जागे होते, तर माझा अंगठा जुळेना. काउंटरवरच्या पोराला विचारलं, "बिघाड नेमका कुठं आहे रे?" तो म्हणाला, "वरून आहे, काका." ज्या बँकेत मी अडतीस वर्षं नोकरी केली तिथं मी जिवंत आहे की नाही, हेही आता वरूनच ठरतं.

हा 'वरून' आमच्या काळी नव्हता. बिघाड असायचा, भरपूर असायचा, पण तो तीन पावलांवरच्या केबिनमध्ये असायचा आणि त्याला हात लावता यायचा.

मी 1982 साली क्लार्क म्हणून लागलो. तिथपासून 1994 पर्यंतच्या वर्षांबद्दल मला फारसं सांगायचं नाही. निवृत्तांच्या व्हॉट्सॲप गटावर लेजरच्या आठवणींनी गहिवरणारे बरेच आहेत. दोन हातांत न मावणारी चामडी पाठीची खतावणी, बोटाला लागलेली शाई, पितळी टोकन, सगळं त्यांना गोड वाटतं. मला आठवतो तो रात्रीच्या साडेनऊचा दिवा आणि सात रुपये वीस पैशांचा फरक. सेव्हिंगच्या खात्यांचं अर्धवार्षिक व्याज हातानं काढताना माझी पाठ कायमची गेली. कुणाला हवी असेल ती खतावणी, तर त्यानं खुशाल घरी न्यावी.

त्या काळात वर मात्र बरंच घडत होतं. 1983 च्या सप्टेंबरात बँकांच्या संघटना आणि युनियन यांच्यात यंत्रांबाबत पहिला करार झाला. मग रंगराजन समिती आली. तिचा पहिला अहवाल 1984 चा, दुसरा 1989 चा. 'कॉम्प्युटर' हा शब्द तेव्हा युनियनला वर्ज्य होता. कलकत्त्यात साठच्या दशकात विम्याच्या कचेरीत कॉम्प्युटर शिरू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी पहारे दिले होते, त्याचे पोवाडे आमच्यापर्यंत पोचलेले. म्हणून शाखांत जे आलं त्याचं नाव 'ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन' असं ठेवलं. कॉम्प्युटर नाही हो, मशीन. आमच्या सेलूत शेवटपर्यंत त्याला मशीनच म्हटलं गेलं. आणि आमच्या भागातले जे पुढारी गेटसमोर मशीनच्या नावानं शंख करत, त्यांनीच मशीनवर बसण्याचा भत्ता जाहीर होताच ज्येष्ठतेच्या यादीत आपलं नाव वर सरकवून घेतलं. नाव लिहीत नाही, पण ते अजून आहेत, आणि हे वाचतील.

तो भत्ता त्यांना मिळाला, पण मशीन त्यांना जमलं नाही. म्हणून माझा नंबर लागला.

1995 च्या फेब्रुवारीत मशीन आलं. परभणी-सेलू पॅसेंजरनं रोज जाणं-येणं करणाऱ्या आम्हा चौघांनी ते स्टेशनजवळच्या ट्रान्सपोर्टवरून हातगाडीवर आणलं. 486 चा प्रोसेसर, 66 मेगाहर्ट्झचा. मेमरी 16 एमबी. आज मुलीच्या लग्नाचा एक फोटो सोळा एमबीत मावत नाही. त्या सोळात आमची अख्खी शाखा चालायची. पाठीमागच्या कार्डातून आठ केबली निघत आणि काउंटरवरच्या आठ टर्मिनलांना जात. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, स्वतःची अक्कल शून्य. काळ्यावर हिरवी अक्षरं. माउस नाही, चित्र नाही. ऑपरेटिंग सिस्टिम होती सांताक्रूझ ऑपरेशन या कंपनीची, एससीओ युनिक्स.

युनिक्स हे काय प्रकरण आहे ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची या दोघांनी 1969 मध्ये कंपनीच्या एका अडगळीतल्या मशीनवर ते सुरू केलं, हे नंतर वाचलं. अडगळीतलं मशीन हा तपशील मला फार आवडला. एका मशीनवर अनेकांनी एकाच वेळी काम करावं आणि कुणी कुणाच्या पायात येऊ नये, ही त्याची मूळ खुबी. बँकेला नेमकं तेच हवं होतं. कॅशियर भरणा घेतोय, शेजारी उचल चाललीय, आतल्या खोलीत ड्राफ्ट निघतोय, सगळे एकाच पेटीवर.

मशीनसाठी लाकडी केबिन झाली आणि केबिनला एसी लागला. शाखेतला तो पहिला एसी. सेलूचा मे ज्यांनी काढलाय त्यांना याचा अर्थ कळेल. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर गेला की बाहेर मॅनेजर साहेब ओला रुमाल मानेवर घेऊन बसत आणि आत मशीन थंडगार. मग साहेबांना दुपारी दोनच्या सुमाराला मशीनची तब्येत पाहायची हुक्की यायची. चप्पल बाहेर काढून आत यायचं. आमच्या शाखेत चप्पल काढून जायच्या जागा दोनच, एक दत्ताच्या तसबिरीचा कोनाडा आणि दुसरी ही.

सकाळी साडेनऊला मी मशीन उठवायचो. पडद्यावर 'बूट' असा शब्द येऊन थांबायचा. एंटर दाबलं की काळ्या पडद्यावर ठिपके धावायचे. मग ते म्हणायचं, कंट्रोल-डी दाबून नेहमीसारखं सुरू करा, नाहीतर रूटचा, म्हणजे मशीनच्या मालकाचा, पासवर्ड द्या. त्यानंतर वेळ विचारायचं. रोज. आपल्याला किती वाजलेत हे मशीननं विचारावं आणि आपण सांगितलेलं मुकाट मानावं, यात एक सुख होतं. संध्याकाळी डे-एन्ड झाला, बेरजा जुळल्या, टेपवर बॅकअप गेला की मी बंद करण्याची आज्ञा द्यायचो आणि शेवटची ओळ यायची: आता वीज बंद केली तरी चालेल. त्यानंतरच मामा मुख्य बटणाला हात लावत.

वीज मात्र आमच्या परवानगीसाठी थांबत नसे. यूपीएसच्या बॅटऱ्या नव्या असताना अर्धा तास टिकत, दुसऱ्या उन्हाळ्यानंतर सात मिनिटं. वीज गेली की मामा धावत मागच्या अंगणात. जनरेटर हँडलनं फिरवून सुरू करायचा. त्यांचा एक वार चुकला की आमची आठही टर्मिनलं काळी. मग पुन्हा उठवताना मशीन म्हणायचं, फाइल सिस्टिम तपासावी लागेल, तपासू का? 'वाय' दाबायचं आणि बसायचं. पहिला टप्पा, दुसरा टप्पा, पाचव्यापर्यंत. बाहेर कापसाच्या हंगामात पाचपन्नास शेतकरी उभे. एकाधिकार खरेदीचे चेक जमा झालेत का, एवढंच त्यांना बघायचं असे. खिडकीतून आवाज येई, "काय झालं हो साहेब?" मी म्हणे, "तपासणी चालूय." ते समजून घेत. डॉक्टरकडे बसल्यासारखे बसत. माणसाला दार उघडं दिसत असेल आणि आत कुणीतरी खटपट करताना दिसत असेल, तर तो थांबतो.

त्या तपासणीत ज्या तुकड्यांचा मालक लागत नसे, ते मशीन एका वेगळ्या कप्प्यात टाकायचं. कप्प्याचं नावच 'हरवले-सापडले'. प्रत्येक तुकड्याला नुसता नंबर. एका संध्याकाळी मी त्यातला एक तुकडा उघडला तर आत तीन व्हाउचरांच्या नोंदी होत्या, वीज गेली त्या क्षणाच्या. जिंतूर रोडवरच्या एका जिनिंगचा भरणा होता. तो हातानं पुन्हा चढवला तेव्हा कुठं दिवस टॅली झाला. युनिक्सवर माझा जीव जडला तो त्या संध्याकाळी. हरवलेलं सापडल्यावर ते गप्प फेकून द्यायचं नाही, मालक येईपर्यंत ठेवायचं, ही शिस्त मला आमच्या झोनल ऑफिसात कधी दिसली नाही.

मशीनला मराठी येत नसे, ही एक कटकट होती. नावं इंग्रजीत आणि पंचवीस अक्षरांत. ज्ञानोबा एका क्लार्ककडे 'डी'पासून सुरू व्हायचा, दुसऱ्याकडे 'जी'पासून आणि हैदराबादहून बदलून आलेल्या तिसऱ्याकडे 'जे'पासून. एकाच ज्ञानोबाची तीन खाती निघाली, तिन्हीकडे वेगळी बाकी. लांब आडनावाच्या लोकांची वडिलांची नावं मध्येच तुटत. एका गावात सहा 'विठ्ठल मा' झाले होते. त्यातला कोण माधवराव आणि कोण मारोतराव, ते मामांना चेहऱ्यावरून ठाऊक.

सुरुवातीची दोन वर्षं रूटचा पासवर्ड आमच्याकडे नव्हताच. तो कंपनीच्या इंजिनिअरकडे. तो औरंगाबादहून येई, कीबोर्डवर ओणवा होऊन, खांदा आडवा घालून पासवर्ड मारी, जसं काही पत्त्यांच्या डावात बसलाय. बारीकसा बिघाड असला तरी त्याची वाट बघायची. त्या काळात दोनदा शाखा दीड दिवस बंद पडली, आणि दोन्ही वेळा काम होतं पाच मिनिटांचं. त्याचा मला अजून राग आहे. शेवटी मी लेखी मागणी केली, आणि 1997 मध्ये पासवर्ड शाखेच्या ताब्यात आला. नियम असा की तो कागदावर लिहून, पाकिटात घालून, लाख लावून, दोघांच्या सहीनं स्ट्राँगरूममध्ये ठेवायचा. मी मेलो तर दुसऱ्याला मशीन उघडता यावं म्हणून. दरवर्षी मार्चअखेरीला बदलायचा. साहेब म्हणाले, चांगला लांबलचक ठेवा. मी ठेवला, बारा अक्षरी. मशीनला पहिली आठच कळत. पुढची चार साहेबांच्या समाधानासाठी.

आणि मग ती वर्षं सुरू झाली ज्यांत आमच्या शाखेत एकच विषय होता: नवं येणार का?

1998 पासून मशीन दमायला लागलं होतं. खाती वाढली, डिस्क भरत आली, जूनमधल्या पीककर्जाच्या नव्या-जुन्याच्या दिवसांत एक पासबुक छापायला तीन मिनिटं लागायची. त्यातच दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांचा आदेश आला की 1 जानेवारी 2001 पर्यंत बँकांचा 70 टक्के व्यवहार संगणकावर गेला पाहिजे. आम्हाला वाटलं, आता आपलं भाग्य उघडलं. पुण्याच्या प्रशिक्षणात मी एक सन कंपनीचं वर्कस्टेशन लांबून पाहून आलो होतो. युनिक्सच, पण मोठ्या रंगीत पडद्यावर, खिडक्या उघडणारं, जाळ्याला जोडलेलं. परत येताना पॅसेंजरमध्ये मानवत रोडपर्यंत मी चौघांना त्याचंच वर्णन ऐकवलं. एक म्हणाला, "तुमच्या बायकोला कळवू का?"

प्रस्तावाचा छापील नमुना होता. त्यात एक रकाना: 'सध्याच्या यंत्राची स्थिती'. मॅनेजर साहेबांनी लिहिलं, 'समाधानकारक चालू आहे.' प्रस्ताव परत. सध्याचं यंत्र समाधानकारक चालू असल्यामुळे नवीन यंत्राची गरज दिसत नाही. पुढच्या वर्षी मी साहेबांना न विचारता 'असमाधानकारक' टाइप केलं. त्यांनी सही करताना 'अ' खोडला. म्हणाले, "असमाधानकारक लिहिलं तर ऑडिट विचारील, मग देखभालीचे पैसे कशाचे देता?" तिसऱ्या वर्षी साहेब बदलले. नवे साहेब धाडसी होते. त्यांनी लिहिलं, 'चालू आहे, परंतु.' त्या 'परंतु'वर सात महिने पत्रव्यवहार चालला. 'परंतु' म्हणजे नेमकं काय, ते सविस्तर कळवावे.

दर आठवड्याला अफवा येई. नांदेडला पेंटियम आलं. परभणीच्या मुख्य शाखेत दोन पेट्या उतरल्या, त्यातली एक सेलूची. 1999 च्या 1 मे रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाला तेव्हा तर आशा फारच वाढली. वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा गेल्यावर याद्या नव्यानं होणार, कोड बदलणार, वाटप होणार. याद्या झाल्या, कोड बदलले. सगळे तिमाही तक्ते मी त्याच दमलेल्या 486 वर पुन्हा काढले.

दरम्यान मी घरी एक जोडणीचा संगणक घेतला, स्टाफ लोनवर. 'पीसी क्वेस्ट' मासिकानं 1996 मध्ये अंकाबरोबर लिनक्सची सीडी वाटली होती, आणि पुढंही वाटत राहिलं. त्यामागचे अतुल चिटणीस जन्मानं जर्मनीचे, शिक्षणानं बेळगावचे. भारतात हजारो पोरांच्या हातात लिनक्स पडलं ते या माणसामुळे. मीही पोरगाच झालो होतो म्हणा, चाळिशीत. लिनक्स म्हणजे युनिक्सच्या वळणावर नव्यानं लिहिलेलं आणि फुकट. त्याच आज्ञा, तीच शिस्त, आणि माझ्या घरातला स्वस्त डबा शाखेतल्या मशीनच्या तिप्पट वेगानं पळत होता. मी साहेबांना सांगितलं, नवं वर्कस्टेशन नसेल मिळत तर साधा पेंटियम द्या, यावर हे टाकून प्रयोग करतो, सिस्टिमला पैसे लागत नाहीत. साहेब विचारात पडले. म्हणाले, "फुकट आहे? मग टेंडर कसं काढायचं?"

वायटूकेचं मात्र सांगायला हवं, कारण त्यात मशीनवर अन्याय झाला. वर्ष दोन आकडी लिहायची चूक बँकेच्या प्रोग्रॅमची होती. 2001 मध्ये मुदत संपणारी ठेव त्याला 1901 ची वाटे आणि व्याज उणे निघे. हे आम्हाला 1998 मध्येच दिसलं होतं. युनिक्सला स्वतःला या शतकाचं सोयरसुतक नव्हतं. ते 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद मोजतं, बस्स. तरी 31 डिसेंबरच्या रात्री आम्ही तिघं शाखेत जागत बसलो, मामांनी आणलेली भजी खात. बारा वाजले, काही झालं नाही. साहेबांनी आमच्यावर वरिष्ठांकडून कौतुकाचं पत्र मिळवलं, म्हणजे स्वतःवर. आम्हाला भज्यांचे पैसेही मिळाले नाहीत, 'व्हाउचर नाही' म्हणून.

त्या सेकंदांची एक सकाळ मी साजरी केली. 9 सप्टेंबर 2001, रविवार. घरच्या संगणकावर आज्ञा देत बसलो होतो. सात वाजून सोळा मिनिटं चाळीस सेकंदांनी आकडा शंभर कोटी झाला. बायको म्हणाली, "एवढ्यासाठी उठलात?" दोनच दिवसांनी न्यूयॉर्कचे मनोरे पडले, आणि माझ्या सोहळ्याची आठवण कुणाला सांगण्याजोगी राहिली नाही.

नवं मशीन आलं नाही, ते नाहीच. 2003 मध्ये उत्तर आलं की कोअर बँकिंग विचाराधीन असल्याने स्वतंत्र यंत्राची खरेदी थांबवण्यात येत आहे. 2005 मध्ये कोअर बँकिंग आलं. एका शनिवार-रविवारात शाखा मुंबईतल्या सर्व्हरवर गेली. आठ टर्मिनलांच्या जागी आठ नवेकोरे विंडोजवाले संगणक. आम्ही ज्याची सात वर्षं वाट पाहिली ते आलं तर असं आलं, की आता आमच्या खोलीत कुणाची गरजच उरली नाही. सेलूचा पोरगा पुण्यात शिकायला असला तर त्याला तिथंच पैसे काढता येऊ लागले. ही सोय खरी आहे, आणि मी त्यावर कधी टीका करणार नाही. माझ्या स्वतःच्या पोरानं ती वापरली.

पण त्या दोन दिवसांत काय नेलं आणि काय ठेवलं, ते मला माहीत आहे, कारण टेपा मीच दिल्या. नेल्या त्या बाक्या. नाव, खाते क्रमांक, शिल्लक. दहा वर्षांचे व्यवहार, कर्ज मंजूर करतानाचे तपशील, शेरे, सगळं मागे. मी विचारलं. आलेल्या टीमचा प्रमुख म्हणाला, "हिस्ट्री कोण बघतं?" मी म्हटलं, मग मशीन ठेवा. ते स्टेशनरीच्या खोलीत गेलं, पासबुकांच्या गठ्ठ्यांमागं.

2006 मध्ये माझी परभणीला बदली झाली. 29 फेब्रुवारी 2008 ला अर्थसंकल्पात शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर झाली, आणि मे महिन्यात सेलूच्या मॅनेजरांचा फोन आला.

माफीची अट होती जमिनीची. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याची थकबाकी पूर्ण माफ. त्यापेक्षा जास्त असेल तर उरलेली रक्कम आधी भरली तरच काही सूट. दोन हेक्टर म्हणजे पाच एकरांना दोन-अडीच गुंठे कमी. आणि योजनेत स्पष्ट लिहिलं होतं की जमीन मोजायची ती कर्ज मंजूर झालं त्या वेळची, नंतर कमीजास्त झाली असेल तर ती धरायची नाही. आता हे मंजुरीच्या वेळचं क्षेत्र मुंबईच्या सर्व्हरवर नव्हतं. ते नेलंच नव्हतं. फायली रेकॉर्डरूममध्ये होत्या, म्हणजे वाळवीच्या पोटात. मॅनेजर नाइलाजानं आजचा सातबारा आणि आठ-अ मागवून त्यावरून याद्या करत होते.

मी सकाळच्या गाडीनं गेलो. मामांनी मशीन पुसून टेबलावर ठेवलं होतं, उदबत्ती तेवढी लावायची राहिली होती. बटण दाबलं. घरघर झाली. 'बूट'. एंटर. ठिपके. आतली बॅटरी मेली होती, त्यामुळे मशीनच्या मते 1980 चा जानेवारी चालू होता. त्यानं नेहमीसारखी वेळ विचारली, मी सांगितली, त्यानं मानली. पासवर्ड मी 2001 नंतर बदललाच नव्हता. बोटांना आठवत होता.

खोलीत एक शेतकरी उभा होता, साठीचा, टोपी हातात. वालूरकडचा. 1999 मध्ये मोटारीसाठी कर्ज घेतलेलं. मधे वडील वारले, वाट्याची जमीन नावावर चढली, आठ-अ वर सात एकर. यादीत तो 'मोठा शेतकरी' झाला होता. आठ अंकी खाते क्रमांक टाकला. हिरव्या अक्षरांत नाव आलं, अर्धवट, 'मा'वर तुटलेलं. खाली ओळ: क्षेत्र 4 एकर 30 गुंठे. मंजुरीची तारीख. क्लार्कच्या नावाची दोन अक्षरं, ती माझी.

टीव्हीएसचा डॉट मॅट्रिक्स जोडला. रिबन वाळलेली, छाप उमटेना. मामांनी रिबनीवर स्टॅम्पपॅडची शाई चोळली, मग उमटली, जांभळी. तो कागद मॅनेजरांनी फाइलला लावला. दोन दिवस आम्ही तेच केलं, यादीतलं एकेक संशयाचं खातं घेऊन. या योजनेत देशभर पात्र माणसं सुटली आणि अपात्र तरली, हे 2013 मध्ये कॅगच्या अहवालात आलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. प्रत्येक शाखेत स्टेशनरीची खोली असते, पण तिच्यात मशीन ठेवलेलं असतंच असं नाही.

त्यापुढची वर्षं पुन्हा कंटाळवाणी. सांताक्रूझवाल्यांच्या नावाचा वारसा मिळालेली कंपनी लिनक्सवरून आयबीएमशी कोर्टात भांडत 2007 मध्येच दिवाळखोरीत गेली होती. 2011 च्या ऑक्टोबरात स्टीव्ह जॉब्ज गेले तेव्हा जगभर मेणबत्त्या लागल्या. आठवड्यानं डेनिस रिची गेले, आमच्याकडच्या पेपरात त्यांना जागा मिळालेली मी तरी पाहिली नाही. मधे नोटबंदी झाली, मग 2017 ची कर्जमाफी आली, ती ऑनलाइन अर्जांची. रात्री दोनला केंद्रांसमोर नवरा-बायको अंगठा द्यायला रांगेत, कारण दिवसा लिंक नसायची. 2020 मध्ये मी सुटलो. मामांच्या खिशातल्या मोबाइलच्या तळाशी आज लिनक्स आहे. त्यांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "मंग त्याला अंगठा का कळंना?"

तर ते पाकीट. मॅनेजर बाईंनी दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. मशीन नाही, तर पासवर्डची नोंद कशी निकाली काढायची, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो बरोबर होता. हार्ड डिस्क काढून ड्रिलनं भोकं पाडली ना, एवढं आधी विचारून घेतलं. पाडली होती. मग म्हटलं, दोघांसमोर फोडा, रजिस्टरला लिहा, फाडून टाका. त्यांनी फोन टेबलावर ठेवला. लाख तडकल्याचा आवाज ऐकू आला.

"सर, हे काय लिहिलंय? जगत... जगात जर्मनी? पूर्ण एकच शब्द. जर्मनीचा काय संबंध, सर?"

मी काही बोलायच्या आत मागून, चहाच्या टेबलाकडून, मामांचा आवाज आला.

"अन् भारतात परभणी!"